भिंतीवर आणि भिंतीत

दिवाळी अंकात वाचकाला चिमटा काढायचाच असेल तर तो चकलीइतका कुरकुरीत असावा, असा आपल्याकडे संकेत आहे. मी तो आजवर पाळत आलो. कथा मागितली की कथा दिली, विनोदी मागितले की विनोदी दिले. यंदा मात्र वाचकांनी मला क्षमा करावी. यंदा मला भांडायचे आहे, आणि भांडण सहा शब्दांशी आहे. ते शब्द माझ्या घरी आले कसे, ते आधी सांगतो.

भाद्रपदातली गोष्ट. संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. मुलगा गुणी. इथल्याच, नागपुरातल्याच, एका बांधकाम कंपनीच्या कचेरीत आता बऱ्या हुद्द्यावर आहे. वाकून नमस्कार झाला, चहा झाला, आणि त्याने पिशवीतून एक गुळगुळीत कागद काढून माझ्यापुढे ठेवला. वर कंपनीचे बोधचिन्ह. खाली सोनेरी अक्षरांत सहा इंग्रजी शब्द. इंटेग्रिटी, सेफ्टी, क्वालिटी, टीमवर्क, कस्टमर फर्स्ट, सस्टेनेबिलिटी.

"सर, ही आमच्या कंपनीची मूल्ये आहेत. दिवाळीच्या कॅलेंडरवर ती मराठीत छापावी, अशी साहेबांची इच्छा आहे. साइटच्या फाटकावरही लावायची आहेत. तुम्ही कादंबऱ्या लिहिता. जरा भारदस्त मराठी करून द्या ना जी."

"मानधनाचं काय?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला. तेही होते, आणि दिवाळीच्या तोंडावर मास्तराच्या घरी नको म्हणावे असे मुळीच नव्हते.

भारदस्त मराठी करायला मला दहा मिनिटे पुरली असती. सचोटी, सुरक्षा, गुणवत्ता, सहकार्य, ग्राहकहित, पर्यावरण. झाले! शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी सुविचार लिहिण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. असे शब्द माझ्या हातून खडूच्या भुकटीसारखे गळतात. परंतु त्या फळ्याच्याच अनुभवाने मी थबकलो. 'नेहमी खरे बोलावे' या ओळीखाली बसून शेजाऱ्याची उत्तरे उतरवणारी मुले मी पाहिली आहेत; आणि ती ओळ सुरेख अक्षरात लिहून झाल्यावर आपली येण्याची वेळ हजेरीपुस्तकात वीस मिनिटे अलीकडे ओढणारे मास्तरही पाहिले आहेत.

मी म्हणालो, "अरे, शब्द देतो. पण आधी तुमचे एखादे काम मला बघू दे. ज्या डब्यावर चिठ्ठी चिकटवायची, त्या डब्यात काय आहे ते पाहायला नको का?"

तो हसला. म्हणाला, "या की सर. तुमचीच साइट आहे."

काम गावाबाहेर होते. काही वर्षांपूर्वी तेथे तुरीचे शेत होते. नागपूरची काळी माती शेताला सोन्यासारखी. पण घराला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते. तिच्यावर विसंबून भिंत उभी करता येत नाही. खालचा मुरूम नाहीतर खडक लागेपर्यंत खोदत जावे लागते. हे मला भंडाऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितले. त्याच्या झोळीत तीन वस्तू होत्या: ओळंबा, गुण्या आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी. ओळंबा भिंतीचा उभेपणा सांगतो, गुण्या कोपऱ्याचा काटकोन सांगतो, आणि नळीतले पाणी दोन टोकांची पातळी सांगते. मी त्याला गमतीने म्हणालो, "मिस्त्री, कचेरीत साहेबांनी तत्त्वे लावली आहेत इंग्रजीत. तुमच्या ओळंब्याला समजतात का?"

तो म्हणाला, "याले इंग्रजी येत नाही, मास्तर. पन भित वाकडी असन तं हा सांगितल्याबिगर राह्यत नाही."

वाचकहो, पुढचे सारे भांडण म्हाताऱ्याच्या या एका वाक्यावर उभे आहे. तत्त्व म्हणजे ओळंब्यासारखी वस्तू. भिंत वाकडी झाली की ती वाकडी आहे असे तिने दाखवले पाहिजे, आणि हातात धरणारा कोण आहे हे न पाहता दाखवले पाहिजे. जो शब्द मोडला तरी मोडल्याचे कोणाला दिसत नाही, तो तत्त्व नव्हे, ते तोरण. दसऱ्याला लावावे, वाळले की काढावे.

फाटकापाशी पत्र्याच्या खोल्या होत्या. त्यांतून एक पोरगी "सर!" म्हणून ओरडत धावत आली. माझ्याच वर्गातली, चौथीतली. जुलैत दाखल झाली होती. आईबाप छत्तीसगडचे, बाप गिलाव्याचे काम करणारा, आई रेजा, दिवसभर घमेली वाहणारी. फाटकावर मोठा इंग्रजी फलक होता. माझ्यापुढे शहाणपण दाखवायला तिने त्यावरचे एक-एक अक्षर मोठ्याने वाचले. एकही चुकले नाही. आई कौतुकाने बघत होती. तिने आपल्या बोलीत विचारले, काय लिहिले आहे ग? पोरगी म्हणाली, "इंग्रजी आहे."

तेथे राबणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनाही तो फलक वाचता येत नसावा. मग तो होता कोणासाठी? फ्लॅट बघायला मोटारीतून येणाऱ्यांसाठी.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या पोरीचा बाप दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. जीव वाचला, मनगट आणि खुबा गेला. मुलगी चार दिवस शाळेत आली नाही म्हणून मी गेलो, तेव्हा कळले. पहिल्या दिवसाचे दवाखान्याचे पैसे कोणीतरी दिले होते. दुसऱ्या दिवसापासून मालक सापडेना. कंपनी म्हणाली, माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणाला, मुकादमाचा. मुकादमाने वही उघडून दाखवली. त्या वहीत नावेच नव्हती, आकडे होते: गवंडी ६, रेजा ९, बिगारी ११. सहातला कोणता, ते वही कशी सांगणार?

मी माझ्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, मला वाईट वाटतं. पण तो आमच्या रोलवर नाही."

वीस वर्षे मी हजेरीपट भरतो आहे. त्या पटावर त्या पोरीचे नाव आहे, बापाचे आहे, आईचे आहे, जन्मतारीख आहे. ती एक दिवस आली नाही तर लाल शाईने तशी खूण करावी लागते, आणि फार दिवस आली नाही तर घरी जाऊन चौकशी करावी लागते. चौथीतल्या पोरीची दखल सरकारी शाळेचा फाटका हजेरीपट घेतो. आणि कोट्यवधींची इमारत उभारणाऱ्यांच्या दप्तरात तिच्या बापाची नोंद 'गवंडी ६' यात मावते!

मग मी तो गुळगुळीत कागद पुन्हा काढला आणि एकेक शब्द मिस्त्रीच्या ओळंब्याला लावून पाहिला.

पहिला शब्द इंटेग्रिटी. आपण सचोटी म्हणू. बांधकामावरच्या सचोटीचे पहिले पाऊल म्हणजे मस्टरवर प्रत्येकाचे नाव. १९९६ साली संसदेने बांधकाम मजुरांसाठी कायदे केले. बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून त्यातून मजुरांचे कल्याण साधावे असे ठरले. महाराष्ट्रात त्यासाठीचे मंडळ २०११ साली स्थापन झाले. मजुराच्या मुलांना शिक्षणाला मदत, अपघातात मदत, सारे कागदावर आहे. पण त्या दारात शिरायला वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ज्याचे नावच वहीत नाही त्याला दाखला कोण देणार? म्हणजे मुकादमाच्या वहीतला तो आकडा केवळ आळस नव्हे. तो एका माणसाचा हक्क, अपघाताच्या आधीच, शांतपणे पुसून टाकतो. आणि ही वही ज्या कचेरीत तपासली जायला हवी, तिच्या भिंतीवर 'इंटेग्रिटी' सोनेरी अक्षरांत!

दुसरा शब्द सेफ्टी. आपल्या नागपुरातून निघून मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. त्यावरून मीही गेलो आहे. रस्ता उत्तम आहे. पण त्याच रस्त्यावर, शहापूर तालुक्यात सरळांबे येथे, ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ यांच्या मधल्या रात्री पुलाचे गर्डर बसवणारे अजस्र यंत्र खाली कोसळले आणि वीस माणसे मेली. बहुतेक दूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेली. त्या अपघाताचा न्याय करणे माझे काम नव्हे. मी एवढेच विचारतो की, रस्ता आपल्याला मुंबईला किती तासांत पोचवतो हे घरातल्या शाळकरी मुलालाही पाठ आहे. वीस हा आकडा किती जणांना आठवतो? आपण आठवत नाही म्हणून कंपन्यांना तो शब्द भिंतीवर लावून भागते. सुरक्षा हा शब्द नाही. ती परांचीच्या कडेची आडवी फळी आहे, कमरेचा पट्टा आहे, खालची जाळी आहे, आणि पट्टा नाही म्हणून वर चढायला नकार देणाऱ्या मजुराचा रोज न कापणे आहे. यातले शेवटचे सर्वांत स्वस्त, आणि तेच सर्वांत दुर्मिळ.

तिसरा शब्द क्वालिटी. मी इंजिनियर नव्हे. मॅट्रिक झालेला मास्तर. पण काँक्रीट काय मागते ते मिस्त्रीने मला सांगितले आणि पुस्तकाने त्याला दुजोरा दिला. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होते. सिमेंट आणि पाणी यांचा संयोग दिवसेंदिवस चालू असतो. पाणी तुटले की तो अर्धवट राहतो. म्हणून साधे सिमेंट असेल तर निदान सात दिवस, आणि हवा कोरडी व उष्ण असेल तर निदान दहा दिवस ते सतत ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. त्याची ताकद तपासायची ती २८ दिवसांनी. स्लॅबखालचे टेकू काढायचे ते गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर सात दिवसांनी, त्याहून मोठा असेल तर चौदा दिवसांनी. आता नागपूरचा मे महिना आठवा. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, विहिरी आटलेल्या, टँकरचे पाणी विकत. त्या दिवसांत दहा दिवस गोणपाट ओले ठेवतो तो गुणवत्तेचा माणूस. मग त्याला तो शब्द लिहिता येवो न येवो. बरे, हे पाणी घर घेणाऱ्याला कधीच दिसत नाही. दिसतात ते नळ आणि फरशा. म्हणून तर भिंतीच्या पोटातली सचोटी ही सर्वांत कठीण सचोटी.

मोठ्या कामांनाही हाच न्याय. याची दोन उदाहरणे विदर्भाबाहेरची आहेत, पण महाराष्ट्राच्या प्रत्येक घरात ती माहीत असावीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला. धरणाचे काम पुरे झालेले नव्हते, आणि त्या पावसाळ्यात त्यात पाणी मात्र अडवले गेले होते. भरावाच्या मातीला पक्के व्हायला जो वेळ हवा असतो तो माणसाच्या वेळापत्रकातून वजा झाला. रेतीची पोती रचून काही तास मिळवले ते जवानांनी. दुसरे उदाहरण कोयनेचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने ते धरण बांधले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, कोयनानगरची घरे कोसळली, माणसे गेली. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला भेगा पडल्या. परंतु धरण उभे राहिले, आणि नंतर त्याचे बळकटीकरण झाले. त्या पहाटे भूकंपाने कोणाची तत्त्वे वाचली नाहीत. त्याने भिंत तपासली.

आणि वेळापत्रकाच्या बाहेरही काही घडते. महाडमध्ये २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे दगावली. इमारत म्हातारी मुळीच नव्हती, उलट आपल्या फ्रिजपेक्षाही तरुण म्हणावी अशी होती. मुंब्र्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळलेली बेकायदा इमारत तर अजून बांधली जात होती; तीत चौऱ्याहत्तर जीव गेले. घर जुने होऊन पडते, ही आपली समजूत आता सोडून द्यावी लागेल. घर मुळातच खोटे असले तर ते नवे असतानाही पडते.

चौथा शब्द टीमवर्क. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाची एक पायरी प्रसिद्ध आहे. गड बांधणारा हिरोजी इंदुलकर याने आपले नाव कमानीवर कोरले नाही. देवाला जाणाऱ्यांचे पाय लागतील अशा पायरीवर, सेवेला तत्पर या अर्थाच्या शब्दांसह कोरले. नम्रता तर त्यात आहेच. पण मला त्यात दुसरेही काही दिसते. हे मी बांधले, चुकले असेल तर मला जाब विचारा, असे ते नाव सांगते. आता आपल्या गावाकडे या. १९२५ साली उघडलेले नागपूरचे रेल्वे स्टेशन पाहा, १९४० साली उघडलेली हायकोर्टाची इमारत पाहा. उद्घाटन कोणी केले ते कागदोपत्री सापडते. हायकोर्टाचा आराखडा मेड नावाच्या इंग्रजाचा, हेही सापडते. पण तो दगड घडवणारा, तो घुमट पेलून धरणारा कोण? नाव नाही. आजच्या फाटकावरच्या फलकावर विकासक आहे, वास्तुशिल्पी आहे, कर्ज देणारी बँकसुद्धा आहे. ज्याने बावीस पायऱ्या एका मापाच्या बांधल्या तो मिस्त्री नाही. मग 'टीम' म्हणजे नक्की कोण?

पाचवा शब्द कस्टमर फर्स्ट. फ्लॅटची किल्ली मिळेपर्यंत ग्राहक खरोखरच प्रथम असतो. सरबत, सोफा, वातानुकूल खोली. किल्ली मिळाल्यावर भिंतीला ओल आली की तोच ग्राहक शेवटला होतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सारे 'रेरा' म्हणतात, या बाबतीत सोय केली आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला तर तो बांधणाऱ्याने जादा पैसे न घेता तीस दिवसांत दुरुस्त करायचा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायची नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि ते त्याच कामाला वापरायचे. हे सारे कायदाच सांगतो. मग कंपनीने 'ग्राहक प्रथम' म्हणण्यापेक्षा या तीन ओळी मराठीत छापून ताबापत्राला का टाचू नयेत?

सहावा शब्द सस्टेनेबिलिटी. याचे मराठी मला सुचेना, तेव्हा मी २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवली. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट या चांगल्या वस्तीतली माणसे पहाटे गच्चीवर उभी होती. पाऊस दैवाने पाडला. पण पाण्याची वाट दैवाने अडवली नव्हती. नदीनाल्यांची पात्रे आपणच, थोडी थोडी, कुंपणे आणि भराव सरकवत आवळत आणली. पाण्याची स्मरणशक्ती फार चांगली असते. आपली वाट ते विसरत नाही. म्हणून त्या अवघड शब्दाचे माझे मराठी असे: 'नाल्यावर बांधणार नाही.'

आता कंपनीवाल्यांची बाजूही मांडायला हवी. नाही तर हे भांडण एकतर्फी होईल. माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, लोकांनाच स्वस्त हवं असतं. लोकांनाच दसऱ्याला ताबा हवा असतो. आम्ही दहा दिवस पाणी मारत बसलो तर शेजारचा बिल्डर आमचं गिऱ्हाईक नेतो."

या उत्तराला माझ्यापाशी उत्तर नाही. कारण ते खरे आहे, आणि त्यात मीही आहे. काही वर्षांपूर्वी मी घरामागे एक खोली चढवली. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला होता. मिस्त्री म्हणाला, गुरुजी, टेकू अजून आठवडाभर राहू द्या. मी म्हणालो, पाहुणे यायचे आहेत. टँकर महाग म्हणून पाण्यातही हात आखडला. वास्तुशांत थाटात झाली, पुरणपोळीचे जेवण झाले. त्याच खोलीत बसून मी हे लिहितो आहे, आणि माझ्या डोक्यावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक भेग आहे. दर आषाढात तिच्याखाली मी बादली ठेवतो. त्या भेगेवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही, माझे आहे.

म्हणून मी हे मान्य करतो की, खोट्या घराला दोन बाप असतात, घाईने विकणारा आणि घाईने घेणारा. परंतु त्यातून कंपनी सुटत नाही. माझी चूक माझ्या डोक्यावर गळते. कंपनीची चूक दुसऱ्याच्या डोक्यावर गळते, आणि कधी कधी कोसळते. ज्याला दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर घालण्याचे पैसे मिळतात त्याला गिऱ्हाइकाच्या घाईची ढाल करता येत नाही. गिऱ्हाईक अडाणी आहे हे माहीत असूनच तो त्याचे पैसे घेतो. आणि खर्च म्हणाल तर, दहा दिवसांचे पाणी, आठवडाभराचे जादा टेकू आणि कमरेचे पट्टे यांचा हिशेब वर्धा रोडवरच्या एका मोठ्या जाहिरात फलकाच्या भाड्याशेजारी त्यांनी स्वतःच मांडून पाहावा.

अखेर मी कागदावर सहा ओळी लिहिल्या. त्या अशा:

"आमच्या कामावर राबणाऱ्या प्रत्येकाचे नाव मस्टरवर आहे, ठेकेदार कोणीही असो, अपघाताची जबाबदारी आमची. पट्टा आणि आडवी फळी नसेल तर कोणीही वर चढू नये. त्या दिवसाचा रोज कापला जाणार नाही. स्लॅब कोणत्या तारखेला पडला, किती दिवस पाणी मारले, टेकू कधी काढले, हे प्रत्येक मजल्यावर खडूने लिहिलेले असेल. कोणीही येऊन वाचावे. इमारत बांधणाऱ्या मिस्त्रीचे नाव जिन्याच्या पहिल्या पायरीवर असेल. ताबा दिल्यापासून पाच वर्षे दोष आमचा. तीस दिवसांत दुरुस्त न केल्यास ही ओळ दाखवावी. नाल्यावर, नाल्याच्या काठावर आणि पाण्याच्या वाटेवर आम्ही बांधत नाही."

खाली सूचना लिहिली: हे मराठीत आणि हिंदीत, मजुरांच्या खोल्यांसमोर, चौथीतल्या मुलाला वाचता येईल अशा अक्षरांत लावावे.

आठ दिवसांनी विद्यार्थी आला. या वेळी पेढे नव्हते. "सर, साहेबांनी वाचलं. म्हणाले, भाषा छान आहे. पण ही मूल्ये नाहीत, हे तर कबुलीपत्र झालं. उद्या कोणी हाच कागद घेऊन कोर्टात जाईल."

मी म्हणालो, "अरे, तेवढ्यासाठीच तर लिहिले."

तो बराच वेळ गप्प बसला. जाताना म्हणाला, "सर, खडूची ओळ मी माझ्या साइटवर लावून बघतो. साहेबांना न विचारता." त्याने ती लावली की नाही ते मी पाहायला गेलो नाही. मास्तराने विद्यार्थ्यावर एवढा विश्वास ठेवावा.

ते कुटुंब दसऱ्याच्या आधीच गावी गेले. गोंदियाच्या पुढे कुठेतरी, छत्तीसगडात. बापाला आता परांचीवर चढता येणार नाही. जाताना पोरगी शाळेत दाखला मागायला आली होती. आईच्या बोटाला धरून नव्हे, आईला बोटाशी धरून. अर्ज तिनेच वाचून दाखवला. दाखल्यावर मी तिचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव नीट लिहिले, शिक्का मारला. गवंडी ६ मधला तो सहावा माणूस निदान एका कागदावर तरी नावानिशी राहिला.

परवा कंपनीचे कॅलेंडर घरी आले. छपाई सुंदर आहे. सचोटी, सुरक्षा, गुणवत्ता, सहकार्य, ग्राहकहित, पर्यावरण. दुसऱ्या कोणा मास्तराने दहा मिनिटांत करून दिले असावे. मानधन अर्थातच त्याला मिळाले, आणि आमच्या घरी अनारसे एका पायलीऐवजी अर्ध्या पायलीचे झाले. तक्रार नाही.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्यापैकी कितीतरी जण घर बघायला निघतील. सणाला नवे घर बुक करावे, ही आपल्या मध्यमवर्गाची सर्वांत मोठी हौस. अवश्य जा. सरबत घ्या, सोफ्यावर बसा. मग उठा आणि जेथे काम चालू आहे तेथे जा. बरोबर हातभर दोरी न्या, तिच्या टोकाला एक खडा बांधा, आणि भिंतीच्या कडेने सोडून पाहा. मिस्त्रीला त्याचे नाव विचारा. मजुरांचे मस्टर दाखवा म्हणा. स्लॅब कधी पडला आणि पाणी किती दिवस मारले ते विचारा. साहेब रागावले तर समजा, भिंतीवरची तत्त्वे भिंतीत उतरलेली नाहीत. आणि तेथे खडूने लिहिलेली एखादी तारीख दिसली, तर मला एक पोस्टकार्ड टाका. मी पेढे घेऊन येईन.